१८८३ चा उन्हाळा : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या परदेशगमनाची पूर्वतयारी

प्रस्तावना :

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांचे नाव पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये घेतले जाते. त्यांच्या चरित्राची चर्चा करताना अभ्यासकांचा भर १८८६ मधील पदवी आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच ओढवलेला मृत्यू या दोन घटनांवर राहिला आहे. प्रस्थानापूर्वीच्या तयारीकडे मात्र एक प्रास्ताविक टप्पा म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः ही तयारी म्हणजे केवळ सामानसुमानाची जुळवाजुळव नव्हती, तर समाजाशी उघडपणे केलेली एक वाटाघाट होती. प्रस्तुत लेखात या तयारीचे स्वरूप व तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

आनंदीबाईंचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. योग्य वैद्यकीय उपचारांच्या अभावी झालेल्या या मृत्यूतूनच वैद्यक शिकण्याचा त्यांचा संकल्प दृढ झाला, असे चरित्रकार मानतात. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांची अवस्था त्यांनी पाहिली होती.

अमेरिकेशी संबंध जुळला तो पत्रव्यवहारातून. गोपाळरावांनी १८७८ मध्ये वाइल्डर या मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केल्यास मदत करण्याची तयारी वाइल्डर यांनी दर्शविली. जोशी दांपत्याने ती अट नाकारली. मात्र हा पत्रव्यवहार अमेरिकेतील मिशनरी नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात दंतवैद्याकडे बसल्या असताना आला. त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंना पत्र पाठविले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. अशा रीतीने परदेशातील निवाऱ्याचा प्रश्न प्रत्यक्ष प्रवासाच्या कितीतरी आधी सुटला.

श्रीरामपूरचे भाषण :

तयारीतील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी दिलेले इंग्रजी भाषण होय. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. लोक वारंवार विचारीत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेला का जावयाचे? भारतात शिक्षणाची सोय नाही काय? एकटीने का जावयाचे? परतल्यावर जात बहिष्कृत करणार नाही काय? संकट ओढवल्यास काय करणार? जे अन्य कोणी स्त्री करीत नाही ते आपणच का करावे?

या प्रश्नांचा क्रम लक्षणीय आहे. पहिले दोन प्रश्न शिक्षणविषयक आहेत. उरलेले सर्व स्त्रीचे एकटेपण, जात आणि लोकापवाद यांच्याशी निगडित आहेत. मद्रास येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. तथापि देशातील उपलब्ध सोय त्यांना अपुरी वाटत होती. समुद्रपर्यटनास शास्त्राने निषिद्ध मानण्याच्या त्या काळात, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, ही ग्वाही त्यांनी जाहीरपणे दिली. पोशाख व आहार न बदलण्याचा निर्धारही त्याच ग्वाहीचा भाग होता. विरोध मोडून काढण्यापेक्षा विरोधकांच्या शंकांना अटींचे रूप देऊन त्या स्वतः स्वीकारणे, ही या तयारीची रीत होती.

रोझेल येथील वास्तव्य :

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्ता सोडले. गोपाळराव मागे राहिले. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि महाविद्यालय सुरू होईपर्यंतचा उन्हाळा त्यांनी कार्पेंटर कुटुंबात घालविला. हा काळ तयारीचाच उत्तरार्ध होता. २८ जून रोजी रोझेल येथूनच त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पूर्ण करू शकणार नाही, याची प्रांजळ कबुली देऊन, आप्त व जातीचा विरोध पत्करून इतक्या दूर आणणारा निश्चय विचारात घ्यावा, अशी विनंती त्यांनी केली. श्रीरामपूरला जातीपुढे दिलेले स्पष्टीकरण येथे परक्या संस्थेपुढे पात्रता म्हणून मांडले गेले. त्यांना प्रवेश मिळाला व शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाला गेल्या.

तयारीच्या मर्यादा :

धर्म, जात, निवास व प्रवेश यांविषयी इतका बारकाईने विचार झाला असला तरी शरीराचा प्रश्न अनुत्तरित राहिला. कलकत्त्यास असतानाच अशक्तपणा, डोकेदुखी व ताप यांनी आनंदीबाई त्रस्त होत्या. श्रीमती कार्पेंटर यांनी अमेरिकेतून औषधेही पाठविली होती. समाजाने विचारलेल्या प्रश्नांत प्रकृतीला अग्रस्थान नव्हते. साडी व शाकाहार यांचे त्यांनी केलेले पालन थंड हवेत अधिकच कठीण ठरले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागासाठी त्यांची निवडही झाली. परंतु क्षयाने ग्रासल्यामुळे तेथे काम करणे त्यांना शक्य झाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. श्रीरामपूरच्या भाषणास तेव्हा नुकतीच चार वर्षे पूर्ण झाली होती.

निष्कर्ष :

आनंदीबाईंची पूर्वतयारी यशस्वी ठरली, कारण तिने समाजाची संमती नसली तरी सहनशीलता मिळविली. धर्म न सोडता परदेशी शिकता येते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. मात्र त्यासाठी स्वीकारलेल्या अटींचा भार एकट्या विद्यार्थिनीच्या देहावर पडला. परदेशी शिक्षणाच्या इतिहासात पदव्यांबरोबरच, कोणाला कोणती उत्तरे देऊन निघावे लागले, याचीही नोंद व्हावयास हवी. आनंदीबाईंच्या बाबतीत ती उत्तरे त्यांच्याच शब्दांत उपलब्ध आहेत, हे अभ्यासकांचे भाग्य होय.