शत्रूच्या खुर्चीत बसून

या मालेत आपण आजवर खऱ्या लढायांबद्दल बोललो. आजचा विषय एका खेळाचा आहे, आणि तो मला माझ्या १४ वर्षांच्या नातीने दिला.

मागच्या महिन्यात बंगळुरूला मुलीकडे गेलो होतो. नात आणि तिच्या मैत्रिणी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. टेबलाभोवती चार-पाच जणी, प्रत्येकीचं एक पात्र, हातात फासे. एक जण डंजन मास्टर. गोष्ट तीच सांगते आणि खलनायकही तीच चालवते. हे काम नातीकडे होतं आणि ती वैतागली होती.

"आबा, माझ्या काळ्या सम्राटाला कुणी घाबरतच नाही. सगळ्या हसतात."

"त्याला हवंय काय?"

"जगाचा नाश."

"कशासाठी?"

ती गप्प बसली.

मित्रहो, हा खेळ आम्हा फौजी लोकांच्याच घराण्यातला आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या लेफ्टनंट फॉन राइसवित्झ यांनी 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळाचे नियम छापले. मोठा नकाशा, लाल आणि निळ्या पलटणींचे ठोकळे, फासे आणि मध्ये एक पंच. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाकडे देत. त्यांच्या सैन्याला जेवढं दिसलं असतं, तेवढंच पंच त्यांना दाखवी. महत्त्वाचं असं की समोरची बाजू चालवायला एक हुशार अधिकारी बसलेला असे, आणि त्यालाही जिंकायचं असे.

१८८० मध्ये अमेरिकन सैन्यातल्या चार्ल्स टॉटन यांनी 'स्ट्रॅटेगोस' हे याच जातीचं पुस्तक लिहिलं. ते पुढे मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागलं. १९६९ मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर खेळ मांडला. त्यात गावातल्या माणसांच्या भूमिकाही खेळाडूंना दिल्या, आणि प्रत्येकाला स्वतःचा हेतू दिला. त्याचा मित्र डेव्ह आर्नेसन याने ही कल्पना जादू आणि राक्षसांच्या जगात नेली. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आला.

या प्रवासात एक गोष्ट मात्र निसटली. पंच आणि शत्रू ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली. मग अनेक भुयारांत एकच प्रकार: दार उघडलं की राक्षस, मारला की खजिना. तो तिथे का बसलाय, हे कोण विचारणार? ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याला नेमका हाच प्रश्न पडला. भुयारात भेटलेला व्हँपायर इथे करतोय काय? त्यातून १९८३ मध्ये 'रेव्हनलॉफ्ट' आलं. त्यातला काउंट स्ट्राड हा एकेकाळचा सेनानी. धाकट्या भावाच्या नियोजित वधूवर त्याचं मन जडलं, लग्नाच्या दिवशी त्याने भावाला मारलं, आणि तीही त्याला मिळाली नाही. खेळाच्या आरंभी पत्ते काढून या वेळी त्याचा हेतू कोणता, ते ठरतं. आणि हा खोलीत वाट पाहत बसत नाही. स्वतः चाल करून येतो, वेळ पडली तर माघार घेतो.

हेतू मिळाला तरी काम अर्धंच झालं. शत्रूला जिंकण्याची मुभाही हवी. कॅप्टन असताना एका सरावात मला शत्रूची कंपनी दिली होती. नाल्यातून रात्री मागच्या बाजूला निघण्याची वाट मला सापडली. वरिष्ठांना सांगितली, तर उत्तर आलं, "पुलावरूनच ये. आपला प्लॅन पुलाचा आहे." मी पुलावरून गेलो आणि ठरल्याप्रमाणे हरलो. शाबासक्या झाल्या, चहा झाला. नाल्याकडे कुणी पाहिलंही नाही. मी आग्रह धरला नाही, याची टोचणी आजही आहे. खरा शत्रू त्या वाटेने आला असता, तर किंमत जवानांनी मोजली असती.

अमेरिकेच्या २००२ च्या 'मिलेनियम चॅलेंज' सरावात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन राइपर लाल बाजू चालवत होते. रेडिओ टाळून त्यांनी मोटरसायकलवरून निरोप धाडले आणि अचानक हल्ला करून निळ्या बाजूची १६ जहाजं 'बुडवली'. मग ती जहाजं पुन्हा तरंगवण्यात आली, लाल बाजूवर बंधनं आली, आणि राइपर यांनी ती भूमिका सोडली.

नातीला मी आमच्या ॲप्रिसिएशनची चौकट दिली. म्हटलं, सम्राटाच्या खुर्चीत बस आणि लिही. उद्दिष्ट काय? बळ किती? त्याला काय माहीत आहे, काय नाही? कशाची भीती आहे? आणि तुम्ही कुणी आडव्या आलाच नाहीत, तर पुढच्या आठवड्यात तो काय करील?

तिने दोन पानं लिहिली. आता सम्राट नदी अडवतोय, कारण त्याची प्रजा एकदा दुष्काळात मेली होती. पुढच्या डावात मैत्रिणी सराईत आराम करत राहिल्या, तेवढ्यात त्याने धरणाजवळचा किल्ला घेतला. तो परत कसा मिळवायचा, यावर त्यांचा तासभर वाद झाला.

रात्री नातीचा फोन आला. "आबा, आज कुणी हसलं नाही. एक तर म्हणाली, त्याचंही थोडं बरोबर आहे."

"आणि आता ती लढणार का?"

"लढणार. पण आधी नकाशा मागितलाय तिने."

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.