वासराच्या पोटातला केसांचा गोळा



मागच्या पावसाळ्यात आमचं चार महिन्यांचं वासरू गेलं. पोट फुगलं, रवंथ थांबलं, शेण बंद. डॉक्टरांनी बांधावरच शवविच्छेदन केलं. चौथ्या पोटातून आतड्यात जायच्या वाटेवर मोसंबीएवढा गोळा अडकलेला. कापला तर आत नुसते केस, घोंगडीसारखे दाबून बसलेले.

आमचे चुलते म्हणाले, "टाकू नगंस. साप चावल्यावर उगाळून देत्यात."

ही समजूत कुठून आली, ते शोधत गेलो. हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

रानबकऱ्यांच्या पोटात केस किंवा काडीभोवती थर साचून खडा बनतो. इंग्रजीत त्याला बेझोअर म्हणतात. शब्द मूळ फारसी, अर्थ 'विषावरचा उतारा'. इराणकडून हे खडे आपल्या किनाऱ्यावर यायचे. गोव्यातले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी 1563 मध्ये तिथंच छापलेल्या ग्रंथात त्यावर लिहिलंय. अस्सल खडा सोन्याच्या मोलाचा. म्हणून पुढं सतराव्या शतकात गोव्याच्या जेझुइटांनी बेझोअर, कस्तुरी, रत्नांची पूड वगैरे मळून वर सोन्याचा मुलामा दिलेले गोळेच बनवले. 'गोवा स्टोन' म्हणून ते युरोपात गेले. सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवायचे आणि खरवडून पेयात घालून प्यायचे.

पण त्याआधीच फ्रान्समध्ये याची परीक्षा झाली होती. नववा चार्ल्स राजा होता. चांदीची भांडी चोरलेल्या एका आचाऱ्याला फाशी ठरलेली. त्याला सांगितलं, विष घे, वर बेझोअर घे, वाचलास तर सुटलास. तो तयार झाला आणि तडफडून काही तासांत मेला. शल्यचिकित्सक आंब्रवाज पारे यांनी हे लिहून ठेवलं. साडेचारशे वर्षं होऊन गेली, आणि आमच्या गोठ्यात अजून तीच गोष्ट चाललीय.

आता माणसाचं. असाच गोळा माणसाच्या पोटातही होतो. 1779 मध्ये फ्रान्समधल्या बोदामाँ यांनी एका 16 वर्षांच्या मुलाचं उदाहरण नोंदवलं. काहींच्या गोळ्याला तर शेपूट फुटतं, जठरातून थेट आतड्यात उतरलेलं. 1968 मध्ये डॉक्टरांनी त्याला 'रापुन्झेल सिंड्रोम' नाव दिलं. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतली लांब वेणीची मुलगी, तिच्यावरून. आजार दुर्मिळ आहे, आणि बहुतेक करून तरुण मुलींत दिसतो.

केस पचत नाहीत. गुळगुळीत असल्यानं पुढं ढकललेही जात नाहीत, जठराच्या घड्यांत अडकतात. एकावर एक गुंतत जातात, त्यात अन्न कुजतं. मग भूक मरते, उलट्या होतात, वजन उतरतं, पोटात कडक गाठ लागते. मोठा गोळा औषधानं विरघळत नाही, ऑपरेशनच करावं लागतं. आणि केस उपटून खायची सवय मनाच्या ताणातून आलेली असेल, तर मनाचा उपचार केल्याशिवाय गोळा पुन्हा होऊ शकतो.

हे सगळं लिहायचं कारण, आमच्याच भागात एका पोरीच्या डोक्यावर टक्कल पडलेलं. घरचे म्हणायचे, बाहेरचं काहीतरी आहे. देवऋष्याकडं दोन वर्षं गेली. शेवटी सोनोग्राफी झाली, ऑपरेशन झालं, पोरगी वाचली. त्या दोन वर्षांत तिनं मार किती खाल्ला, ते तिलाच ठाऊक.

वासरू अंग चाटायला लागलं, तर आपण लगेच क्षारविट टांगतो, उवा-गोचीड बघतो, सुका चारा वाढवतो, दूध पाजल्यावर थोडा वेळ वेगळं बांधतो. त्याला कुणी मारत नाही. लेकराच्या वेळी मात्र हात आधी उठतो. पोर केस खाताना दिसलं तर रागावू नका, दवाखान्यात न्या. रक्त तपासून घ्या, कारण लोह कमी असतानाही असं अखाद्य खायची ओढ लागते.

आणि साप चावला तर काही उगाळत बसू नका. प्रतिविष मिळेल तो दवाखाना गाठा.

तो गोळा मी वासराबरोबरच खड्ड्यात पुरला. चुलते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आचाऱ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा म्हणाले, "मग बरं केलंस."