इनामदार घराण्यांच्या वंशावळी व दफ्तराची साक्ष

घराण्याच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबे वंशावळीचा एक जीर्ण कागद मोठ्या आदराने पुढे करतात. त्यावर मूळ पुरुषापासून पुत्रपौत्रांच्या शाखा रेखाटलेल्या असतात. हा कागद जपण्याजोगा खराच; परंतु तो केव्हा व कोणत्या कारणाने लिहिला गेला, हे पाहिल्यावाचून त्यावर विसंबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

सन १८१८ मध्ये पेशवाई संपली व पुण्याचे दफ्तर इंग्रजांच्या हाती आले. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनच्या चौकशीस बळ मिळाले. इनामदारांस सनदा हजर करून आपला हक्क शाबीत करावा लागला. अनेक इनामांचे भवितव्य पुरुषवंश अखंड आहे की नाही यावर ठरू लागले. साहजिकच अशा चौकशीत सादर होणारी वंशावळ हा हक्काचा पुरावा असे. तीत हक्कदार शाखा ठळक होई; ज्याचा वाटा नाही तो भाऊ गळे, आणि कन्यांचा तर उल्लेखही बहुधा नसे.

ही उणीव भरून काढण्यास खतपत्रांचा उपयोग होतो. आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्याने एकच नाव पिढीआड येते. तेथे बापाचे नाव पाहावे. दत्तकाच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे. दत्तविधानापूर्वीच्या कागदात जनक पित्याचे आणि नंतरच्या कागदात दत्तक पित्याचे नाव लागते. त्यामुळे एकाच पुरुषाचे वंशवृक्षावर दोन पुरुष होऊन बसतात. अशा वेळी दत्तकपत्र शोधावे. ते पुष्कळदा विधवेने करून दिलेले असते, आणि वंशावळीत कोठेही नसलेली ती स्त्री तेथे आपल्या नावानिशी भेटते. घराणे तिच्या निर्णयाने चालले, ही गोष्ट वंशजांस ठाऊक असावयास हवी.

कालनिर्णयही नीट करावा. सुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढे ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर ११७२. ते वर्ष जून १७७१ पासून जून १७७२ पर्यंतचे. हा हिशेब चुकला तर पुत्राचे पत्र पित्याच्या नावे जमा होते.

सन १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक वार्षिक रक्कम भरण्याच्या अटीवर बहुसंख्य इनामे कायम केली. त्यानंतरच्या काळासाठी गहाणखते, खरेदीखते व वाटणीपत्रे पाहावीत. विसाव्या शतकासाठी गावचे फेरफार व वारसांची नोंदवही उपयोगी पडते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर कन्यांची नावे या नोंदींत अधिक दिसू लागतात. २००५ च्या दुरुस्तीने तर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत त्यांचा हक्क पुत्रांबरोबरीचा झाला. छापील कुलवृत्तान्तात जी शाखा ‘निर्वंश’ म्हणून संपते, ती कन्येच्या घरी नांदत असू शकते.

याच कागदांत जमीन कसणाऱ्या कुळांचीही नावे आहेत. १९४८ चा कूळकायदा व मुंबई राज्याचा १९५२ चा जात इनाम रद्द करण्याचा कायदा यांनी हे जुने संबंध पालटले. इनामाचा अभिमान सांगताना ज्यांच्या श्रमावर ते इनाम पिकले, त्यांचा विसर पडू देणे इतिहासास शोभणारे नाही.

आज मोडी वाचणारे थोडे उरले आहेत आणि घरोघरचे रुमाल कसरीच्या भक्ष्यस्थानी पडत आहेत. सबब ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, घरातील कागदांची छायाचित्रे घ्यावीत, जाणत्यांकडून त्यांचे वाचन करवावे, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराशी ती ताडून पाहावीत. नवी वंशावळ लिहिताना प्रत्येक नावापुढे आधाराचा कागद नोंदवावा. आधार नसेल तेथे जागा कोरी ठेवावी, आणि लेकीसुनांची नावे मात्र अगत्याने लिहावीत.