दुहेरी हातमोजे

११ मे २०२०, संध्याकाळचे साडेसहा. तुम्ही बोरिवलीहून सुटलेल्या बेस्टच्या बसमध्ये आहात. लोकल मार्चपासून बंद. एका सीटवर एकच माणूस: नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पोलीस. द्रुतगती महामार्ग इतका मोकळा, की मालाड-गोरेगाव कधी मागे पडलं कळतही नाही. खिडकीजवळची सिस्टर मोबाइलवरचा सोसायटीचा मेसेज पुन्हा वाचते: 'ड्युटी असेपर्यंत लिफ्ट वापरू नये.' २२ मार्चला याच सोसायटीच्या गॅलऱ्यांतून तिच्यासाठी थाळ्या वाजल्या होत्या.

तिच्यामागोमाग मरोळला उतरा. बंद पडलेलं सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेनं कोरोनासाठी पुन्हा उघडलंय. पीपीई किट चढवण्याआधी ती पाण्याचा शेवटचा घोट घेते. आता ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही. एकावर एक दोन हातमोजे. मैत्रीण तिच्या छातीवर मार्करनं नाव लिहिते. चेहरा दिसणार नाही, निदान नाव तरी पेशंटला कळावं.

आधीच्या पाळीकडून ओव्हर घेताना समजतं, की वॉर्डातल्या घाटकोपरच्या आजींचे यजमान दुसऱ्या रुग्णालयात दुपारी गेले. आजींना अजून माहीत नाही. मुलगा घरात क्वारंटाइन. त्याचा फोन येतो, "सिस्टर, आईला काही सांगू नका. धसका घेईल ती."

सिस्टर क्षणभर गप्प. मग म्हणते, "मी आपणहून विषय काढणार नाही, दादा. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुम्हाला फोन लावीन. सांगायचं तुम्ही, मी जवळ बसेन."

बारा वाजतात, तारीख पालटते. १२ मे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला आज २०० वर्षं झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं हे वर्षच परिचारिका आणि सुईणींचं म्हणून जाहीर केलंय. वॉर्डात कुणाला त्याची आठवण नाही. पेशंटना पोटावर झोपवायचं, सलाइन बदलायचं, ऑक्सिजन सॅच्युरेशन लिहायचं, एवढंच चाललंय. जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी सिस्टरनं मानसशास्त्र आणि समाजशास्त्र परीक्षेपुरतं वाचलं होतं. आज त्याच विषयांची परीक्षा आहे, आणि पेपर कुणीच काढलेला नाही.

पहाटे आजी विचारतात, "आमचे हे कसे आहेत हो?"

प्लास्टिकच्या पिशवीतला फोन स्पीकरवर लागतो. मुलगा बोलू लागतो, अडखळतो, रडतो. सिस्टरनं आजींचा हात धरलाय. दोन हातमोज्यांआडून हाताची ऊब कितीशी पोचणार? तरी आजी तो हात घट्ट आवळतात. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा खाली येतो. सिस्टर त्यांचा मास्क नीट बसवते, "माझ्याबरोबर श्वास घ्या, आजी." आत. बाहेर. आकडा हळूहळू सावरतो.

दोन दिवसांपूर्वी ती एका पेशंटजवळ असताना दुसरा एकटाच गेला होता. काय करायला हवं हे कळतं आणि ते करता येत नाही, तेव्हा उरणाऱ्या सलाला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नाव दिलं: नैतिक क्लेश. तो सल घेऊन ती आज कामावर आलीय. सोशिकपणाचं कौतुक करून तो निघत नाही. पुरेशी माणसं हवीत, विश्रांती हवी, मन मोकळं करायला कुणीतरी हवं.

सकाळी ओव्हर देताना ती सांगते, "आजींना कळलंय. एकटं सोडू नका. मुलाशी दुपारी पुन्हा बोलणं करून द्या." तिच्या नाकावर मास्कचा लाल वळ उमटलाय.

बोरिवली. ती जिन्याकडे वळते. पाचवा मजला. शिवाशिवीचा जुना रोग या शहरानं नव्या औषधाच्या नावाखाली पुन्हा काढलाय, आणि रात्रभर कुणाचा तरी हात धरून बसलेली बाई आपल्याच इमारतीत अंग चोरून चालतेय.

तुम्ही लिफ्टपाशी उभे आहात. दार उघडं धरा. ती नको म्हणेल. तरी धरा.