विटी, चेंडू आणि परगावचा गडी

आंदर मावळात भातकापणी उरकली, की खाचरं मोकळी होतात. आमच्या लहानपणी त्यांत विटी-दांडूचे डाव रंगायचे. विटी बांधापलीकडे गेली तर काय? ओढ्यात पडली तर? मध्येच कुणाची म्हैस आडवी आली तर? या प्रश्नांची उत्तरं गावात ठरलेली असायची. लिहून कुणी ठेवली नव्हती. पंचाईत व्हायची ती शेजारच्या गावची पोरं खेळायला आली की. "आमच्याकडं असं नसतं!" या एका वाक्यावर अख्खी दुपार जायची, आणि निकाल बहुधा घरच्यांच्याच बाजूनं लागायचा.

गोल्फचे नियम वाचताना मला ही खाचरं आठवतात. खेळ श्रीमंतांचा खरा, पण त्याची पहिली नियमावली अगदी गावाकडची वाटते. १७४४ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहरानं गोल्फची चांदीची काठी बक्षीस म्हणून लावली. स्पर्धा लीथच्या माळावर, आणि परगावच्या खेळाडूंनाही खुली. घरच्या घरात खेळताना तोंडी रिवाज पुरतो. पाहुणा येणार म्हटल्यावर कागद लागतो. म्हणूनच तेव्हा १३ नियम लिहिले गेले असावेत, असं मला वाटतं. ती स्पर्धा जॉन रॅट्रे नावाच्या डॉक्टरांनी जिंकली.

काय होते हे नियम? चेंडू पाण्यात गेला तर बाहेर काढा, मागं ठेवून मारा आणि प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्या. हरवला तर जिथून मारला तिथं परत जा. दंड एक फटका. माणूस, घोडा, कुत्रा यांना लागून थांबला, तर थांबला तिथूनच मारा. सैनिकांच्या चरात पडला तर मात्र दंड नाही. माळ एकट्या खेळाडूंचा नव्हता, हे या नियमांवरूनच कळतं. माणसं, जनावरं, शिपाई, सगळ्यांचीच तिथं ये-जा.

पुढं नियम वाढले, त्यांचा कीस पडला. २०१९ मध्ये ते ३४ वरून २४ वर आणले. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, आता तीन. हे नियम आपल्या खाचरात लावून बघायला मोठी गंमत येते. बांधावर खेकड्यानं उकरलेल्या बिळात चेंडू गेला, तर विनादंड बाहेर काढता येतो. गांडुळाच्या बिळाला ही सवलत नाही! (हा भेद करणारा माणूस नक्कीच शेतातून चाललेला असणार.) चेंडूजवळचा शेणाचा पो खुशाल उचलून टाका, पण तो उचलताना चेंडू हलला, तर एक फटका गेला. पावसाचं साचलेलं पाणी माफ, ओढा माफ नाही. ओढा काय, तो तिथं आहेच. तुम्हाला तो दिसत होता. आणि चेंडू हलला की नाही, हे सांगायचं कुणी? मोठ्या स्पर्धांत पंच असतात. रोजच्या खेळात ज्याचं त्यानंच सांगायचं.

हिंदुस्थानात कलकत्त्याला १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फचे क्लब निघाले. साहेब खेळायचे, आपली पोरं पिशव्या उचलायची. या पोरांना कॅडी म्हणतात. चेंडू शोधता शोधता नियम त्यांना आपोआप पाठ होतात. दिल्लीत कॅडीचं काम केलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले. भारतीय व्यावसायिक खेळाडूनं ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. लिहिलेल्या नियमाचा हा मोठा गुण. तो तुमचं गाव विचारत नाही, बापाचं नाव विचारत नाही.

पण क्लबच्या दारावरचा नियम निराळा असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचे सेवसंकर 'पापवा' सेवगोलम हे भारतीय वंशाचे, तेही कॅडीच. काठी उलट्या हातांनी धरायचे. पुस्तकात त्याला बंदी नव्हती. १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये आपल्याच गावी नाताळ ओपनमध्ये त्यांनी गोऱ्या खेळाडूंना हरवलं. क्लबहाऊसमध्ये प्रवेश फक्त गोऱ्यांना होता. बाहेर पाऊस पडत होता. चषक त्यांना तिथंच, पावसात देण्यात आला.