बाटलीतले प्रथिन

फराळाच्या ताटाशेजारी लघवीच्या बाटलीची गोष्ट काढतो आहे, वाचकांनी क्षमा करावी. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. रसायनशास्त्र माझे क्षेत्र नव्हे. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशा गोष्टीत माणूस दिसतो आणि मग राहवत नाही.

१८४५ साली लंडनमध्ये एक व्यापारी हाडांच्या दुखण्याने खितपत पडला होता. त्याच्या लघवीत एक विलक्षण साका धरे. तापवला की विरघळे, निवला की पुन्हा धरे. डॉक्टरांनी बाटली हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे धाडली. १८४६ च्या १ जानेवारीला रोगी वारला. पुढे त्या प्रथिनाला नाव पडले ते बेन्स जोन्स यांचे! जगाची रीतच अशी.

जंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. कड्यांचा क्रम वाचायचा कसा? साखळीचे एकदा एका ठिकाणी, एकदा दुसऱ्या ठिकाणी तुकडे करायचे, प्रत्येकाची कडी टोकापासून एकेक सोडवायची आणि तुकडे एकमेकांशी ताडून मूळ क्रम जुळवायचा. फाटलेल्या पोथीच्या दोन प्रतींवरून एक पाठ लावावा, तसे. सँगर यांनी असेच तुकडे एकमेकांशी ताडून इन्सुलिनच्या ५१ कड्या वाचल्या. १९५८ साली त्यांना नोबेल मिळाले. पण निरोगी रक्तात प्रतिपिंडांचे असंख्य प्रकार मिसळलेले. हजार पोथ्यांची पाने एकाच टोपलीत!

इथे तो दुर्दैवी रोगच कामी आला. मायलोमात एकाच पेशीची बेसुमार वाढ होते आणि एकाच जातीचे प्रथिन शरीरात माजते. बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळी, हे एडलमन आणि गॅली यांनी १९६२ साली दाखवले. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये हिल्शमन आणि क्रेग यांनी निरनिराळ्या रोग्यांच्या साखळ्या वाचून शेजारी मांडल्या. सुमारे २१४ कड्या. उत्तरार्ध जवळजवळ सारखा, पूर्वार्धात मात्र जागोजाग फरक. नाना शत्रूंना ओळखण्याची किमया त्या पूर्वार्धात होती. अशी साखळी घडवणारे जनुकांचे तुकडे पेशीत जागा बदलून जुळतात, हे टोनेगावा यांनी १९७६ साली सिद्ध केले.

रोग्यांच्या नावांतील दोन-तीन अक्षरे प्रथिनाला देण्याची तेव्हा चाल होती. हिल्शमन-क्रेग यांच्या दोन साखळ्यांची नावे ‘रॉय’ आणि ‘कम’. लंडनच्या त्या व्यापाऱ्याच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते.