गप्पा मारणं हेही कामच

झेरॉक्सची पार्क ही प्रयोगशाळा म्हटली की आपल्या क्षेत्रातल्या लोकांना एकच गोष्ट आठवते. माऊस आणि विंडोजवाला आल्टो कॉम्प्युटर १९७३ मध्ये तिथे तयार झाला, १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज तिथे जाऊन आला आणि पुढे बाजी मारली ती ॲपलने. पण पार्कमधली मला जास्त आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तिचा नायक इंजिनियर नाही, चक्क मानववंशशास्त्रज्ञ आहे. ज्युलियन ऑर त्याचं नाव.

१९८० च्या दशकात ऑरने झेरॉक्सच्या दुरुस्तीवाल्या टेक्निशियन्सचा अभ्यास केला. कंपनीच्या लेखी त्यांचं काम अगदी सोपं होतं. हा एरर कोड आला की ही तपासणी करा, उत्तर 'हो' असेल तर अमुक पानावर जा. थोडक्यात, आपलं इफ-एल्स! डोकं मॅन्युअल लिहिणाऱ्याने चालवायचं, टेक्निशियनने फक्त हात.

ऑरने प्रश्नावली वाटली नाही. तो त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकांकडे गेला, नाश्त्याला आणि जेवायला बसला, आणि ऐकत राहिला. तेव्हा कळलं की मॅन्युअल जिथे संपतं तिथे खरं काम सुरू होतं. एका ठिकाणी मशिन ई०५३ हा कोड दाखवत होतं, पण खरा बिघाड भलतीकडेच होता. मशिन बदलून देता आलं असतं, पण मग गिऱ्हाइकासमोर इज्जत काय राहिली? टेक्निशियनने तज्ज्ञाला बोलावलं. दोघं एकमेकांना जुन्या मशिन्सचे किस्से सांगत बसले, मधूनमधून चाचण्या घेत गेले आणि त्या किश्श्यांतूनच बिघाड सापडला. नवा शोधच म्हणायचा, फक्त तो कुठेही नोंदला जात नव्हता. तो फिरायचा जेवणाच्या टेबलावर.

आता आपल्यातला आकडेवाला विचारेल, मूठभर माणसांवरून निष्कर्ष कसा काढायचा? शंका रास्त आहे. असे किस्से किती टक्के बिघाडांत उपयोगी पडतात, हे ऑरच्या पद्धतीने सांगता येत नाही. पण मोजायचं काय, हे आधी ठरवावं लागतं ना! टाइमशीटमध्ये 'गप्पा' असा रकानाच नसेल, तर त्या वेळेची नोंद वाया गेलेला वेळ अशीच होणार. मग काटकसरीची पहिली कात्री तिथेच लागणार, आणि शहाणपण का आटलं हे कुणाला कळणारही नाही.

ऑरचं 'टॉकिंग अबाउट मशिन्स' हे पुस्तक १९९६ मध्ये आलं. त्याच दशकात झेरॉक्सने युरेका नावाची यंत्रणा उभी केली. तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. टेक्निशियनने आपली युक्ती लिहायची, इतर टेक्निशियन्सनी ती तपासायची, आणि पसंत पडली की लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना वाचायला ठेवायची. युक्तीमागे पैसे द्यावेत का, अशीही चर्चा झाली. टेक्निशियन्सना मात्र पैशांपेक्षा नाव हवं होतं. ओपन सोर्सवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आज आपल्याकडे प्रत्येक टिकेटचा हिशेब असतो. टिकेट कधी उघडलं, कधी बंद झालं, सगळं डॅशबोर्डवर दिसतं. पण ते सुटलं कसं, कुणी कुणाला 'अरे, असंच एकदा झालं होतं' म्हणून काय सांगितलं, हे कुठेच दिसत नाही. ते बघायला अजूनही कुणीतरी शेजारी बसून ऐकावंच लागतं.